पोत्यावरची मांजर

आमच्या लष्कर भागातल्या घरी एक करडी मांजर होती, पण ती कुणाची नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "तिच्या वाटेला जाऊ नकोस. फार संशयी आहे."

संशयी का, ते मला मोलकरणीकडून कळलं. आदल्या वर्षी तिची तीन पिल्लं सासूबाईंनी पोत्यात घालून नदीपार सोडायला लावली होती, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून कुणी हात पुढे केला की ही कौलांवर.

पुढे कोठीच्या खोलीत उंदीर झाले. सासूबाई म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत ही कोठीत बसायला लागली तर ठीक, नाहीतर तिलाही पोत्यात घालते. उंदीर मारायला दुसरी आणू."

मला ती जायला नको होती. माहेर लांब, घरात मोकळं बोलायची सोय नाही. मी तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवायची. मी आत वळले की ती प्यायची, त्याआधी नाही. एकदा अगदी जवळ आली आणि मी मूर्खासारखी झडप घातली. हाताला ओरखडे पडले, आणि महिनाभर तिनं तोंड दाखवलं नाही.

मग माझी बाजूला बसायची वेळ आली. तेव्हा तीन दिवस मागच्या पडवीत बसायचं, कुणी शिवायचं नाही, ताटसुद्धा लांबून सरकवायचं. बसायला पोतं द्यायचे. त्या खेपेला पाटणकर बाजारातून तांदूळ आले होते, त्याचंच रिकामं पोतं मिळालं. ते पाहून मी मनात म्हटलं, झालं, आता ती कसली येते.

पहिल्या दिवशी ती भिंतीवर बसून नुसती पोत्याकडे बघत राहिली. मी काय करणार? उठायचं नाही, कुठे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी खाली उतरली, पोत्याचा कोपरा हुंगला आणि पळाली. मी हात मांडीखाली दाबून बसले, हो, पुन्हा चूक नको. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर ही पोत्याच्या कडेवर, माझ्या पायाला पाठ लावून.

सासूबाई ताट घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"साय घातलीस ना तिला?"

"मी इथनं उठले तरी का? साय तुमच्या फडताळात आहे."

त्या गेल्या, फडताळ उघडून पाहिल्याचं मला ऐकू आलं. परत येऊन म्हणाल्या, "हं. मांजराला विटाळ नसतो म्हणतात." एवढंच.

चौथ्या दिवशी मी न्हाले, पोतं धुऊन वाळवलं आणि त्यांना न विचारता कोठीत अंथरलं. मांजर माझ्या मागोमाग आली, दाराशी बराच वेळ थांबली, मग आत गेली. दसऱ्याला तीन दिवस होते.

दसऱ्याच्या दिवशी सासूबाईंनी स्वतः वाटीभर दूध कोठीच्या दाराशी ठेवलं. मांजरीनं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगते, मीही आधी वाटीत वाकून पाहिलं, आणि मगच बाजूला झाले.