गयाआत्यानं अडवलेली विहीर

नामदेवकाकांचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी भाजी निवडत होते. "वैनी गेली गं... शेळ्या सोडायला उठलीच न्हाई," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. नामदेवकाका म्हणजे गयाआत्याचे धाकटे दीर. आष्टीकडच्या त्यांच्या वस्तीवर मी पोचले, तर मयतीला जमलेल्या माणसांत जुनीच कुजबुज चालू होती. कडक बाई, डोळ्यांदेखत नवऱ्याला मरू दिलं. महिना उलटून गेला तरी माझा संताप गेलेला नाही, म्हणून हे लिहिते. आत्याचा नवरा गेला त्या दिवशी मी तिथं होते. बोलणाऱ्यांपैकी निम्मे नव्हते.

मी तेव्हा शाळकरी होते; सुटी होती म्हणून आत्याकडे राहायला गेले होते. विहिरीचं पाणी इतकं खोल गेलं होतं की काठावरच्या रॉकेलच्या इंजिनाला ते ओढवेना. मग आत्याच्या यजमानांनी, आमच्या मामांनी, आमच्या भागात सगळे करतात तेच केलं. इंजिन दोरखंडानं विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं आणि सकाळभर तिथंच चालवलं. धुराला वर यायला वाट कुठली... भाकरी घेऊन आत्या काठावर गेली, तर तिथंही तिचं डोकं गरगरलं. दुपारी रॉकेल संपून इंजिन बंद पडलं. मामांनी आधी कंदील सोडून पाहिला. कंदील विझला तर विहिरीत उतरायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. तो छान जळत होता. मामा उतरले, इंजिनापाशी टेकले आणि बसल्या जागी कलंडले.

नामदेवकाका धावले. आत्या पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली.

"वैनी, सरका. दादा हाय खाली."

"म्हाईत हाय. माझाच हाय त्यो. तुमी उतरायचं न्हाई."

"कावून न्हाई? कंदील जळतोय की."

"जळू द्या. सकाळी माझं डोस्कं फिरलं, आता ह्ये पडले. आतली हवाच खराब हाय, भाऊजी."

काकांनी तिला ढकललं. तिनं त्यांच्या कमरेला मिठी मारली, दंडाला चावली, पण सोडलं नाही. शेवटी शेजारच्या वस्तीवरून बादल्या काढायचा गळ आणला आणि मामांना वर ओढलं. ते गेलेले होते. 'नवऱ्याला बादलीसारखा काढला' हे गावानं तिला जन्मभर ऐकवलं. इंजिनाच्या धुरातल्या विषाला ना रंग ना वास, आणि माणूस मरेल एवढं ते साचलं तरी कंदील जळतच राहतो, हे मला पुढे शिकल्यावर कळलं. आत्याला ते नवरा देऊन कळलं होतं.

तिनं घरात तोंड लपवलं नाही. कुठं विहिरीत इंजिन उतरवतायत असं कानावर आलं की शेळ्या घेऊन ही तिथं हजर. काठावर पाय सोडून बसायची. "आधी माझ्या अंगावर टाका, मग खाली सोडा." पोरं हसायची, बायका तिला अपशकुनी म्हणायच्या. ती म्हणायची, "आसंन मी अपशकुनी. इंजिन वर घ्या." दार लावून शेडात ट्रॅक्टर चालू ठेवणाऱ्याचीही तिच्यापुढं धडगत नसे. मला तिचा लई अभिमान होता, आणि तो तिला बोलून दाखवला की ती म्हणायची, "अभिमान ऱ्हाऊ दे, शेळ्यांना पाणी दाव." लोक इंजिन वर घेत, शिव्या देत घेत, पण घेत.

आत्याच्या दहाव्याला पुन्हा तेच झालं. जेवणाच्या पंगतीत एक म्हातारा पाहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बाईनं दिराला धरलं आन् नवऱ्याला सोडलं." मी उठणार, तेवढ्यात नामदेवकाका उठले. इतकी वर्षं हा माणूस या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. त्यांनी आपल्या मुलांना उभं केलं, लेकींना उभं केलं, नातवंडांना ताटावरून उठवलं. एक सून अंगावरच्या बाळाला घेऊन उभी राहिली. पंगतीची एक बाजूच रिकामी झाली.

"त्या दिशी मी उतरलो असतो, तर ह्यातलं एकबी नसतं," काका म्हणाले. "वैनीला नावं ठेवायची तर ह्यांच्या तोंडाकडं बगून ठेवा."

काका पोरांना म्हणाले, "बसा आता, जेवा."