बंकटची तब्येत

चकलांब्याहून सकाळची एसटी धरून मनकर्णा बीडच्या कोर्टात यायची आणि व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला बसायची. शिपाई बंकटचं नाव पुकारायचा. उत्तर मात्र त्याच्या वकिलाचं यायचं, "आरोपी आजारी आहे, साहेब." अर्ज, अर्जाला डॉक्टरचा कागद, की साहेब पुढची तारीख द्यायचे. झालं कोर्ट. मनकर्णा पदर सावरून परत स्टँडकडं चालू लागायची. दिवसभर खुरपं घेऊन वाकणारी बाई ती, पण कोर्टातल्या बसण्यानं तिची कंबर धरली.

खटला तिच्या नवऱ्याच्या मरणाचा होता. निवृत्ती दुसऱ्याच्या रानात राखणीला होता. बंकटची मेंढरं हरभऱ्यात शिरली, निवृत्तीनं ती हाकलली, शब्दानं शब्द वाढला आणि बंकटनं हातातली काठी त्याच्या डोक्यात घातली. भाकरी घेऊन निघालेल्या मनकर्णानं ते बांधावरून पाहिलं. दवाखाना गाठायच्या आत निवृत्ती गेला. बंकट पुढं जामिनावर सुटला आणि गावभर एकच गोष्ट झाली: निवृत्ती दारू पिऊन दगडावर पडला.

मरण एकवेळ पचलं असतं, ही दारू काही मनकर्णाला पचेना. निवृत्ती तापट होता, थोडा आळशीही होता. ती स्वतःच सांगायची. पण थेंब म्हणून कधी तोंडाला लावला नव्हता. विहारात पंचशील म्हणताना दारू सोडायचं जे पाचवं शील, तिथं तो मुद्दाम आवाज चढवायचा, शेजारच्या पिणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. असल्या माणसाला गावानं दारुडा करून पुरलं. तो पिलेला नव्हता, हे कोर्टात उभं राहून सांगायचं आणि साहेबांनी ते लिहून घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. बंकटला शिक्षा किती होईल, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही.

"मंग माजी साक्ष घ्या की," ती सरकारी वकीलबाईंना म्हणायची. "त्यो न्हाई तर न्हाई."

"मावशी, तुम्हाला त्याला कोर्टात ओळखून दाखवायचंय. तो समोर हवा."

"लगीन करून आले तवापून वळखते की त्याला!"

वकीलबाई हसायच्या आणि पुढच्या फायलीकडं वळायच्या.

"सोंग हाय समदं," तिची जाऊ कडूबाई म्हणायची. "तारीख आली की दुखनं येतंय व्हय?" मनकर्णालाही तसंच वाटायचं. मग बंकटला बीडलाच दवाखान्यात ठेवल्याचं कानावर आलं. तारीख पडल्यावर एकदा ती स्टँडकडं न वळता तडक तिकडं गेली. खरं-खोटं काय ते डोळ्यानं पाहायचं होतं. पण आजाऱ्याला पाहायला रिकाम्या हातानं जाऊ नये, मग तो वैरी का असेना. म्हणून फाटकाजवळ तिनं मोसंबी घेतली. घेताना स्वतःचा राग आला, तरी निवडून चांगली घेतली.

बंकट खरंच आजारी होता. दोन्ही किडन्या गेलेल्या, तोंड सुजलेलं. काठी राहू द्या, पाण्याचा पेला त्याला धरवत नव्हता. मनकर्णाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाही संताप आला. इतके दिवस सोंग समजून राग धरला होता. आता तो ठेवायचा कुठं?

उशाशी बसलेली त्याची बायको ताराबाई तिला पाहून दचकली. मग तिला मोसंबी दिसली आणि तिनं गुमान स्टूल पुढं सरकवलं.

"बस बाई. च्या सांगू?"

"नगं. पानी दे."

ताराबाईनं आपली बाटली तिच्या हातात दिली. गावात असत्या तर दोघींनी आधी इकडंतिकडं पाहिलं असतं.

बंकटनं डोळे उघडले. "मनकर्णाबाई," तो म्हणाला. आजवर त्यानं तिच्या नावाला बाई कधी जोडलं नव्हतं. "निवृत्ती त्या दिशी..."

वॉर्ड माणसांनी भरलेला होता. दोन्हीकडच्या खाटांवरचे रोगी, त्यांची माणसं, सलाईन बदलणारी सिस्टर, सगळ्यांनी ऐकलं असतं. पण आजाऱ्याच्या उशाशी भांडण काढू नये, त्यालाही काढू देऊ नये, ही रीत तिच्या हाडात मुरलेली.

"आता न्हाई," ती म्हणाली. "आदी बरं व्हा. जे असंल ते कोर्टात बोला, सायबापुढं."

बंकटनं मान हलवली आणि डोळे मिटले.

त्या दिवसापासून मनकर्णाला वैऱ्याच्या तब्येतीचा घोर लागला. बाजारात त्याच्या भावकीतलं कुणी दिसलं की ती आडून विचारायची. विहारात त्याच्यासाठी मेणबत्तीसुद्धा लावली.

"मिटवलं का काय तुमी?" कडूबाई फणकारली. "त्याच्यासाठी जीव कशाला तुटतोय तुजा?"

"तुटतोय. त्यो जगाया पायजे."

बंकट जगला नाही. तारखेच्या आधीच गेला. मनकर्णाला दवाखान्यातली ती घडी आठवून हळहळ वाटली. आपणच त्याचं तोंड बंद केलं. पण एका गोष्टीचा धीर होता. आता आजाराचं कारण उरलं नाही, आता साक्ष होईल, असं ती धरून चालली. धुवून ठेवलेलं पांढरं लुगडं नेसून ती कोर्टात आली.

वकिलानं कागद पुढं केला. "आरोपी मयत आहे, साहेब." साहेबांनी कागद वाचला आणि टाइप करणाऱ्या बाईला दोन ओळी सांगितल्या.

वकीलबाई तिच्याजवळ आल्या. "मावशी, खटला बंद झाला. मेलेल्यावर खटला चालत नाही."

"आन् माजी साक्ष?"

"आता कुणाविरुद्ध देणार?"

शिपायानं पुढचं नाव पुकारलं. मनकर्णा उठली, पण दाराकडं न जाता साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. शिपाई आडवा आला. साहेबांनी हातानं त्याला थांबवलं.

"काय म्हणायचंय, बाई?"

"सायेब, त्यो आजारी व्हता तवा तुमी दर येळी तारीख दिली. म्या कदी कायी म्हनले न्हाई. आता मला येक द्या. माजा मालक पिलेला नव्हता, येवढं सांगायला येक तारीख द्या."

सगळ्या कोर्टानं ते ऐकलं. टाइप करणाऱ्या बाईनं ते लिहून घेतलं नाही. तिच्यापुढं दुसरा खटला उघडला होता.