अकरा कलमांचा अर्ज आणि तुस्कानो मिस

तुस्कानो मिस गेल्याची वार्ता मला माझ्या नेहमीच्या टेबलापाशी मिळाली. समोर एक ग्राहक बसला होता, त्याचा अर्ज अर्धा टंकून झाला होता, आणि तेवढ्यात पुण्याहून अनुष्काचा, मिसच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा, फोन आला. "काका, मिस गेल्या. वसईला, काल दुपारी. जेवून पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या म्हणे..."  मग तिने विचारले, "काका, ती आपली बॅटन आहे का हो अजून कुणाकडे?" आणि आम्ही दोघे, एक पुण्यात आणि एक दोह्यात, एकाच वेळी हसू लागलो. ग्राहक गोंधळून गेला. शोकप्रसंगी हसणे शिष्टसंमत नाही हे मी जाणतो. परंतु मिसविषयी लिहावयाचे तर या हसण्यापासूनच प्रारंभ करणे प्राप्त आहे.

मी व्यवसायाने अर्जलेखक आहे. दोह्याच्या मदिनत खलीफा भागातील एका टायपिंग सेंटरमध्ये गेली बावीस वर्षे मी रजेचे, बदलीचे, तक्रारीचे आणि क्षमायाचनेचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शालेय शिक्षण सिन्नरकडे नववीपर्यंत झाले. ही गोष्ट मी लपवीत नाही, कारण अनेक पदवीधरांनी आपली गाऱ्हाणी माझ्याच भाषेत वरिष्ठांपुढे मांडली आहेत. मिस दोह्यातल्याच अल दुहैल भागातील एका भारतीय शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, गळ्यात सदैव शिट्टी. पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वतःच्या कसल्याशा कागदासाठी आल्या होत्या. माझी तीन परिच्छेदांची प्रस्तावना त्यांनी उभ्यानेच वाचली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर वकीलसाहेब निघालात. पण पाठ सरळ ठेवून बसा जरा. असं वाकून लिहिलंत तर मानेचं दुखणं घेऊनच गावाला जाल." त्या दिवसापासून मी त्यांचा वकीलसाहेब झालो. त्यात थट्टा होती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

मग तेलाचे भाव कोसळले ते वर्ष आले. कंपन्यांनी माणसे कमी करायला सुरुवात केली आणि माझ्या टेबलावरच्या अर्जांची जातच बदलली. वडिलांची नोकरी गेली की कुटुंबाला देश सोडावा लागे, म्हणून शाळेतले बाक महिन्यागणिक रिकामे होऊ लागले. शाळेनेही हात आखडता घेतला. नाट्य क्लब, चित्रकला क्लब, गणित क्लब बंद झाले. वार्षिक क्रीडादिन रद्द झाला, आणि शाळेच्या मैदानाला सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवार-शनिवारी, कुलूप लागले. बाहेर मात्र विश्वचषकाची तयारी जोरात होती. रोज एक रस्ता खणलेला, रोज एक क्रेन नवी. मिस म्हणत, "गावात आठ स्टेडियम बांधतायत, वकीलसाहेब. माझ्या पोरींना नववं पाहिजे, आणि ते आधीच बांधलेलं आहे. फक्त कुलूप काढायचंय."

त्यांच्या पोरी म्हणजे रिलेच्या चौघी. दोन वर्षे त्या एकत्र सराव करीत होत्या आणि दोन्ही वर्षे दुसऱ्या आल्या होत्या. शेवटच्या टप्प्यात धावणारी अनुष्का दोह्याबाहेरच्या अल खोरला राहत असे. तिचे वडील रास लफानच्या गॅस प्रकल्पात नोकरीला होते. त्यांचे नाव कपातीच्या यादीत आले आणि मार्चअखेर कुटुंबाने परतावे असे ठरले. जाण्यापूर्वी चौघींना एकदा आखलेल्या पट्ट्यांवर, लोकांसमोर, एकत्र धावायला मिळेल, असा शब्द मिस देऊन बसल्या होत्या. मार्चचा दुसरा आठवडा संपत आला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. "प्रिन्सिपॉलना अर्ज लिहून द्या. एका शुक्रवारी सकाळी दोन तास मैदान. बाकी काही नको."

आमच्या व्यवसायाचा एक रिवाज आहे. ड्रायव्हरला पंधरा दिवसांची रजा हवी असेल तर आम्ही पंचेचाळीस मागतो. साहेबाला कापायला काही तरी ठेवावे लागते. मी दोन दिवस घेतले आणि जाड कागदाच्या पाच पानांवर अकरा कलमे उतरवली. मिसनी विश्वासाने न वाचताच ती नेऊन दिली. चौथ्या दिवशी त्या परत आल्या आणि त्याच पाच पानांनी वारा घेत माझ्यासमोर बसल्या. वरच्या कोपऱ्यात शेरा होता : परिस्थिती पाहता अशक्य.

"वकीलसाहेब, मी काय मागितलं होतं?"

"मैदान."

"आणि तुम्ही काय मागितलंत? वाचा. मोठ्याने वाचा."

मी वाचू लागलो. कलम पहिले, मैदान. दुसरे, मंडप. तिसरे, वाद्यवृंद. पाचव्यावर त्यांना हसू आवरेना, आणि अकराव्या कलमापर्यंत, म्हणजे राजदूतांच्या दर्जाच्या प्रमुख पाहुण्यापर्यंत, मी पोहोचलो तोवर बाकावरचा मल्याळी ड्रायव्हरही, एक शब्द न कळता, हसू लागला होता. मी रिवाज समजावून सांगितला. "अहो, पण त्यांनी कापायच्या ऐवजी सगळंच फेकलं ना," मिस म्हणाल्या, आणि मग हसणे थांबवून खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "मार्च संपतोय हो. त्या पोरीला मी काय सांगू?"

मी नवा कागद पुढे ओढला. त्या म्हणाल्या, "आता एक ओळ लिहा." मी म्हणालो, एका ओळीचा अर्ज हा अर्जच नव्हे, त्याला प्रस्तावना नाही, कारणमीमांसा नाही, त्याचे कार्यालयात हसे होईल. "होऊ दे. हसणारा माणूस सही लवकर करतो." अखेर मी टंकले : आमची एक मैत्रीण या महिन्यात कायमची जात आहे, तिच्याबरोबर एकदा धावता यावे म्हणून शुक्रवारी सकाळी दोन तास मैदान उघडावे. आरंभी 'सविनय' हा शब्द मी हळूच घातला होता. त्यांनी तो पेनाने खोडला. खाली बाकीच्या तिघींच्या सह्या. प्रिन्सिपॉलनी दारात उभ्या उभ्या सही केली आणि इतकेच म्हणाले, की शाळेला खर्च पडता कामा नये.

खर्च पडला नाही, कारण मिसनी बंद पडलेले सगळे क्लब कामाला लावले. चित्रकला क्लबने रांगोळी आणि खडूची भुकटी मिसळून पट्ट्या आखल्या. गणित क्लब मोबाइल घेऊन वेळ नोंदवायला बसला आणि मिळालेले आकडे तीन-तीनदा तपासू लागला. नाट्य क्लबच्या मुलांनी घोषणांचा ताबा घेतला. प्रत्येक धावपटूचा प्रवेश एखाद्या सम्राटासारखा होऊ लागला. पदके जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांची होती. अल खोरहून कंपनीची बस आली आणि तिच्यातून अख्ख्या कंपाउंडच्या, म्हणजे कंपनीच्या वसाहतीतल्या, आया पोह्यांचे डबे घेऊन उतरल्या. मी भारतीय पद्धतीने निरीक्षणासाठी सावलीत उभा होतो, तर मिसनी पालकांच्या शर्यतीत माझे नाव परस्पर पुकारले.

"मी पालक नाही," मी हरकत घेतली.

"लेखी द्या, काका," गणित क्लबचा एक मुलगा म्हणाला, आणि अनुष्काचे वडील इतके हसले की खाली बसले. नोकरी गेल्यापासून त्यांना कुणी तसे हसताना पाहिले नव्हते, असे त्यांच्या पत्नीने मला नंतर सांगितले. कातडी बुटांनिशी मी शंभर मीटर धावलो. शेवटून दुसरा आलो. शेवटचे अनुष्काचे वडील होते, कारण ते अजूनही हसत होते.

मग रिलेची वेळ झाली आणि ध्यानात आले की बॅटनच नाही. खेळाचे सामान कुलपात, आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे.  मिसनी पर्स उघडली, आतून माझी पाच पाने काढली, मांडीवर ठेवून घट्ट गुंडाळली आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी गुंडाळीभोवती फिरवली. "बघा, वकीलसाहेब. जाड कागद वापरलात ते बरं केलंत." चौघी मुलांच्या संघाविरुद्ध धावल्या. अकरा कलमे, मंडप, वाद्यवृंद आणि राजदूतासह, या हातातून त्या हातात गेली. तिसऱ्या हातबदलाला गुंडाळी निसटता निसटता राहिली, आणि अनुष्काने ती जी धरली ती शेवटच्या रेषेपलीकडे गेल्यावरही सोडली नाही. त्या पुन्हा दुसऱ्याच आल्या. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडत होत्या, जणू पहिल्या आल्या आहेत. आणि मिस, ज्यांनी दोन वर्षे त्यांना हातबदलावरून झापले होते, रेषेपाशी उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या, वाजवतच होत्या...

पुढे मिस वसईला परतल्या. सणाला फोन करीत. "पाठ सरळ आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. आता विश्वचषक काही आठवड्यांवर आला आहे. आठही मैदाने दिव्यांनी झगमगत आहेत. गेल्या आठवड्यात इथल्या एका रुग्णालयात नोकरी करणारी त्यांची भाची सुट्टीवरून परतली आणि माझ्या टेबलावर एक लिफाफा ठेवून गेली. मावशीच्या कपाटात सापडला म्हणाली. वर 'वकीलसाहेब' एवढेच लिहिले होते. आत ती गुंडाळी होती. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, मधोमध बोटांचे काळे डाग आहेत. मी ती उलगडलेली नाही. आतला मजकूर मला पाठ आहे. अनुष्काला फोटो पाठवला. तिने उत्तरादाखल रिलेतल्या बाकीच्या तिघींनाही त्या संभाषणात जोडले, आणि दिवसभर माझा फोन वाजत राहिला.

काल एक ड्रायव्हर आला. मुलीच्या लग्नासाठी दहा दिवसांची रजा हवी होती. सवयीने मी तीसचा आकडा टंकायला घेतला, आणि टेबलावरच्या गुंडाळीकडे नजर गेली. "क्या हुआ, साहब?" त्याने विचारले. मी पाठ सरळ केली आणि दहाच लिहिले.