बिनगव्हाची सांजोरी

घरातलं माणूस गेल्यावर पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येते तेव्हा आमच्याकडे साधी घागर भरत नाहीत, डेरगं भरतात. डेरगं म्हणजे मोठ्या पोटाचं लाल मातीचं मडकं. गेलेल्या माणसाच्या नावानं त्यात पाणी भरायचं, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, पुढं आंबा आणि सांजोऱ्यांचं ताट मांडायचं. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि ताटातला घास टाकायचा. याला आगारी म्हणतात. घास पेटला की गेलेलं माणूस जेवलं. त्याच ताटातला पुढचा घास घरातल्या सगळ्यात लहान लेकरानं खायचा. त्यानं खाल्ल्याशिवाय ताट पोचत नाही, आणि घास पेटल्याशिवाय लेकरानं खायचं नाही. आमच्या घरात हे असंच चालत आलंय.

यंदा डेरगं माझ्या बायकोचं होतं. घरातलं सगळ्यात लहान लेकरू म्हणजे माझी नात, आणि नातीला गहू चालत नाही.

हे दुखणं मागच्या पावसाळ्यात कळलं. पोर वाळत चालली होती, पोट तेवढं फुगायचं. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं तपासलं, आणि सांगितलं की गव्हाचा कणसुद्धा हिच्या पोटात जाता कामा नये. मला आधी पटलं नाही. गव्हानं कोणाला काय होतं, असं मी डॉक्टरांच्या तोंडावर म्हणालो. मग शेजारच्या वाढदिवसाला तिनं एक बिस्कीट खाल्लं आणि सलाईन लावायची वेळ आली. ते मी डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं मी मानतो.

बायको तेव्हा होती. नातीच्या उशाशी बसून ती म्हणाली, "आखाजीला हिच्यासाठी सांजोरीचं मी बघते." थंडीत ती गेली. बघायचं राहून गेलं.

सांजोरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगतो. वरची पारी गव्हाची, आतलं सारण गव्हाच्या रव्याचं आणि गुळाचं, आणि वर तेलात तळलेली. बाहेर गहू, आत गहू. त्यातून गहू काढला तर उरतं काय, हा प्रश्न होता.

माझी मोठी बहीण सोनगीरहून आधीच येऊन बसली होती. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. ती म्हणाली, "भाऊ, वरीसमा एक दिन शे. एक दिन गहू खादा तर काय व्हस?"

"डाक्टरनी कणभर बी नको सांगेल शे," मी म्हणालो.

"डाक्टर काय आपला पितर शे? गहू बिगर सांजोरी कोणी देखी शे का? वहिनी उपाशी जाई, मंग तू देखजो."

सुनेनं मोबाईल पुढं केला. "आबा, हे बघा. परदेशात सणाला कोंबडीच्या पोटात पावाचं सारण भरतात. ज्यांना गहू चालत नाही ते पाव न घालताच करतात. दुसरं धान्य घालतात, दाणे घालतात. सणही होतो आणि पोटही बिघडत नाही."

"कोंबडी? आखाजीले?" अक्कानं पदर तोंडाला लावला.

"कोंबडी सोडा हो आत्याबाई, सारणाचं बघा."

मी मोबाईलमध्ये पाहिलं. गोरी बाई मोठ्या पातेल्यात कालवत होती. तिला जमतं तर आम्हाला न जमायला काय झालं? मी ठरवलं, सारण आपल्या दादरचं करायचं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, दाणा मोत्यासारखा. ती भरड दळायची, त्यात गूळ, भाजलेले शेंगदाणे, तीळ, खोबरं, सुंठ, वेलची. तळायचं नाही. पारीच्या जागी केळीचं पान. पानात सारण गुंडाळायचं आणि खापरावर, म्हणजे मातीच्या तव्यावर, शेकायचं. पान काही खायचं नसतं, पण सारणाला अंग तर हवं.

सून म्हणाली, गिरणीत दळू नका, आपल्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो, तो ज्वारीत येतो. पोर बिस्कीट न खाताही मध्येमध्ये आजारी पडायची ती त्यामुळंच. मग मी गोठ्यातलं जातं काढलं. बायकोचं जातं. कित्येक वर्षं उपडं पडलेलं होतं. धुतलं, उन्हात वाळवलं, पहिली मूठभर ज्वारी दळून पाखरांना टाकली.

"दळी कोण?" अक्कानं विचारलं. "मना हात वर व्हत नहीत."

"मी दळीन."

"गडी माणूस जातावर? दार लाई ले रे भो. गावले दाखाडू नको."

दार मी लावलं, पण गावासाठी नाही. उन्हासाठी.

आखाजीच्या आदल्या दिवसाची दुपार होती. वैशाखातली आमच्याकडची दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगू. गल्लीत कुत्रं नसतं. पत्रे तापून मध्येच कडकड वाजतात आणि माणूस उगाच दचकतो. सून आणि नात आतल्या खोलीत झोपल्या होत्या, अक्का ओसरीवर घोरत होती. मधल्या घरात मी, जातं, आणि कोपऱ्यात उद्यासाठी आणलेलं नवं डेरगं. रिकामं.

जातं फिरवायला जोर लागतो हे मला ठाऊक होतं, पण एवढा लागतो हे नव्हतं. दंड भरून आले. घरघर सुरू झाली तसं कोपऱ्यातलं डेरगं गुणगुणायला लागलं. पोकळ मडकं आहे, आवाज पकडणारच. मी हात थांबवला की तेही थांबायला हवं होतं. ते जरासं उशिरा थांबायचं.

मी जात्यात पुन्हा ज्वारीचा घास घातला, पुन्हा खुंटा धरला. थोड्या वेळानं खुंटा हलका झाला.

जात्यावर दोन बायका समोरासमोर बसून दळतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं ढकलायचं. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. तसा तो खुंटा झाला होता. मी ओढायचो, आणि पलीकडं गेला की तो आपोआप परत यायचा. माझ्या मुठीच्या वर लाकूड गार लागत होतं, त्या उन्हात.

मी वर पाहिलं नाही. भ्यालो म्हणून नाही. पाहिलं असतं तर हात सुटला असता आणि काम अर्धं राहिलं असतं. मान खाली घालून ज्वारी संपेपर्यंत दळलं. जात्याभोवती पडलेली कणी एकसारखी होती, पीठ कमी आणि कणी जास्त, रव्यासारखी. मी आयुष्यात पहिल्यांदा दळत होतो. माझ्या हातून एकसारखी कणी पडेल असं मीच मानत नाही.

नात डोळे चोळत दारात आली. "आबा, कोण गुणगुणत होतं?"

"डेरगं."

"पण ते रिकामं आहे ना?"

"रिकामंच गुणगुणतं," मी म्हणालो. ती डेरग्याजवळ गेली, आत तोंड घालून हळूच काहीतरी बोलली आणि कान लावून बसली. काय ऐकलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेरगं काठोकाठ भरलं. सुनेनं कणी तुपावर भाजली, गुळाचं उकळतं पाणी घातलं, झाकण ठेवून वाफ आणली, मग बाकीचं कालवलं. वास असा सुटला की शेजारीण विचारून गेली. केळीची पानं आणायला मी आणि सून मळ्यात गेलो. नात आमच्याबरोबर होती. घरी अक्का होती.

परत आलो तर डेरग्यातलं पाणी खाली गेलेलं. नवं मडकं पाणी पितं, हे काय मला कोणी शिकवायला नको. पण बाहेरून डेरगं कोरडं होतं, खालची जमीनही कोरडी. मी आणखी एक तांब्या ओतला.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा ताट मांडलं. गोवरीचे निखारे लालबुंद होते. नात माझ्या शेजारी पाटावर, हातात घास धरून तयार. मुलगा शिफ्टला होता, संध्याकाळी येणार होता, म्हणून आगारी मीच टाकायची होती. मी घास ठेवला, वर तूप सोडलं.

पेटला नाही.

फुंकर घातली. आणखी तूप घातलं. घास काळा पडत गेला, कडा वळल्या, पण जाळ नाही. नुसता धूर. आणि धूर वर जात नव्हता. जमिनीवरून सरकत डेरग्याला वळसा घालून नातीच्या पाटाकडं गेला, तिच्या पायांशी साचला. खिडकी बंद होती, वारा नव्हता. तिनं पाय वर घेतले.

"आबा, खाऊ?"

"थांब."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी निखाऱ्याकडं पाहत होतो. मला वाटलं, बायको रुसली. गव्हावाचून तिला जेवायचं नाही. अक्काचं खरं निघालं. आणि मग ताट पोचणार कसं? पोरीला गहू द्यायचा नाही, हे तर ठरलेलं. गेलेलीचं ऐकू की असलेलीचं, हे माझ्या आयुष्यात मला कधी ठरवावं लागलं नव्हतं.

पोरीचा हात दमला होता, घास तोंडाशी आला होता.

"भाऊ," अक्का म्हणाली. "तिले खाऊ देऊ नको."

"काबर?"

"मी सारणमा चिमूटभर रवा टाकेल शे. तुमी मयामा गयात तवय. वहिनीसाठे. मले वाटनं, चिमूटमा काय व्हस."

सुनेनं नातीच्या हातातला घास झटकून टाकला, तिला उचललं आणि मोरीवर नेऊन हात धुतले, पुन्हापुन्हा धुतले. परत येऊन उभ्याउभ्या म्हणाली, "आत्याबाई, तिच्या पोटात गेला असता तर?" अक्का खाली बघत होती.

मी ताट उचललं आणि सारण गाईपुढं ठेवलं. भांडी राखेनं घासायला लावली, खापरसुद्धा. सुपात कणी अजून होती. सुनेनं पुन्हा भाजायला घेतली. अक्का उठायला लागली तर मी म्हणालो, "तू बस." ती बसली. घरात कोणाच्या पोटात काही नव्हतं आणि ऊन कलायला लागलं होतं.

दुसऱ्यांदा ताट मांडलं. निखारे आता मंद झाले होते, वर राख धरली होती. मी घास ठेवला आणि तुपाची पळी उचलली. तूप पळीतच होतं तेव्हा घास पेटला. सरळ उभा जाळ, हातभर, आवाज न करता. माझ्या भुवया भाजल्या.

गुळाला जाळ लवकर लागतो, असं सून नंतर म्हणाली. म्हणू दे. पहिल्या घासातही तोच गूळ होता.

"खा," मी नातीला म्हणालो.

तिनं पान उलगडलं. सारणावर पानाच्या शिरा उमटल्या होत्या. एक घास खाल्ला, मग दुसरा, मग बोटं चाटली. "आबा, दाणे जास्त घाला ना पुढच्या वेळी," म्हणाली.

आम्हीही जेवलो, पण घास गिळण्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे पोरीच्या पोटाकडं बघत होतो. पहिल्या सारणाचा एखादा कण तिच्या बोटाला, बोटाचा तोंडाला लागला असेल का, हीच भीती होती. अक्का ताटावर बसलीच नाही. खांबाला टेकून ती नातीला खेळताना बघत राहिली. पोर जरा पोटावर हात ठेवी, की अक्का खांब सोडून पुढं सरकायची.

दिवेलागणीला मुलगा आला. नात त्याच्या अंगावर चढली, उतरली, आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "मम्मी, भूक लागली."

सुनेनं पानातलं सारण ताटलीत काढलं. नातीकडं न देता ती ताटली घेऊन ओसरीवर गेली आणि अक्कापुढं उभी राहिली.

"आधी हात धुवा," ती म्हणाली.

अक्कानं चुलीतली राख घेतली. मोरीवर बसून कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, पाणी घेतलं, पुन्हा राख घेतली. मग दोन्ही ओले हात सुनेपुढं धरले, उलटे, सुलटे. सुनेनं नीट पाहिलं आणि ताटली तिच्या हातात दिली. अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं आणि भरवलं, आणि पोरीनं सगळं खाल्ल्यावर ताटलीत जे उरलं ते दिवसभरात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडात घातलं.