मेलेल्या जंतूंचा ताप

वरूडच्या एका शेडवर इंदूबाई बावीस वर्षं संत्री निवडत होती. फळ हातात घेतलं की आतून पोकळ आहे की रसाचं, तिला कळायचं. मग डाव्या करंगळीला काही कळेनासं झालं. एका सकाळी भाकर उलटताना बोट भाजलं, ते तिला वासावरून समजलं.

कुष्ठरोग निघाला. वर्षभर तिने सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. गोळ्यांनी कातडी काळवंडली तेव्हा शेडवर "ऊन लागलं" म्हणाली. खरं फक्त नवऱ्याला, खुशालरावांना ठाऊक होतं. शेवटचं पाकीट संपलं. नर्सबाई म्हणाली, "सुटलीस." इंदूबाई घरी आली आणि कपडे धुवायला बसली. आनंद असा झालाच नाही.

दोन महिन्यांनी ताप भरला. हातापायांवर, मग तोंडावर लाल गाठी उठल्या. कोपरापासून करंगळीपर्यंत कळ जायची. शेडवरच्या बायांनी तिचा पाण्याचा गिलास वेगळा ठेवला. मुकादम म्हणाला, "थोडे दिवस घरीच राह्य, बाई." ती राहिली.

"पुन्हा झालं वाटते तुले," खुशालराव म्हणाले. "मंग त्या गोया काहून घेतल्या?"

अमरावतीच्या दवाखान्यात दामिनी डॉक्टरांनी तिच्या कानाच्या पाळीतून नमुना घेतला, तपासला आणि तिलाच सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"लाल तुकडे दिसतात? ते जंतू. अख्खा एकही नाही. सगळे मेलेत."

"मेले, तं ताप कायचा?"

"मेलेले जंतू लगेच शरीराबाहेर जात नाहीत, कित्येक वर्षं आत पडून राहतात. तुमच्या रक्तातल्या राखणदार पेशींना ते मेलेत हे कळत नाही. तुकडा दिसला की त्या तुटून पडतात. त्यानेच ताप येतो, सूज येते. त्यात नस सापडली तर बोटं जातात."

"म्हंजे माहं आंगच माह्यावर उठलं."

"हो. ते शांत करायचं औषध देते."

"दुसऱ्यायले लागन का?" खुशालरावांनी विचारलं.

"नाही."



ताप उतरल्यावर इंदूबाई शेडवर गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मले कुष्ठरोग होता. जंतू मेले. ह्या गाठी मेलेल्यायच्या हायत. कोनाले लागत नाई." आवाज हलला नाही, छातीतही काही हललं नाही.  मग बायांमधली गोदाबाई पोत्यावर थोडी सरकली. इंदूबाई तिच्याशेजारी बसली.

औषध सहा महिने चाललं. चेहरा सुजल्यासारखा झाला, कळ थांबली. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकली ती वाकलीच. ती उजव्या हाताने माल निवडते. यंदा पुन्हा गाठी उठल्या, तेव्हा त्या कशाच्या, हे तिने कोणाला विचारलं नाही. डबा घेतला आणि एकटीच अमरावतीच्या बसमध्ये बसली.