लोधिवलीच्या नवरीची हळद

नवरीची आई स्क्रीनकडं बघत म्हणाली, "पोरीची हळद कुठं गेली गं?" आणि मी व्हिडिओ थांबवला.

भिसेगावात आमचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ. मी तिथं कलर करते, म्हंजे शूटिंगचे बिघडलेले रंग सरळ करते. आठवी शिकलेली, बाळाला शेजारणीकडं ठेवून येते. तवा माझा ट्रायलचा महिना होता आणि संतोषदादांनी, आमच्या मालकांनी, सांगितलेलं, "हा व्हिडिओ परत आला तर उद्यापासनं येऊ नको."

लोधिवलीच्या हळदीच्या शूटिंगात मांडवाला हिरवं कापड, त्यातनं ऊन आलेलं, म्हणून सगळ्यांची तोंडं हिरवट. डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाय, स्कोप बघायचा, एवढं मी शिकलेले. स्कोप म्हंजे स्क्रीनवरचा एक गोल, चित्रात कुठला रंग किती हाय ते त्यात ठिपक्यांनी दिसतं. पांढरं असलं की ठिपके मधोमध. आणि एक तिरकी रेघ असते, माणसाची कातडी तिच्यावर बसते, गोरी असू दे नायतर काळी. मी नवरीचं तोंड ओढून ओढून त्या रेघेवर बसवलं, हिरवट गेलं, दिला व्हिडिओ.

"साबणानं धुतलंस का रं माझ्या लेकीला?" आई दादांना म्हणाली. संगं आलेली नवरी हसली. दादा हसले नाय.

"दादा, स्कोपवर बरोबर हाय," मी म्हणलं.

"स्कोपला काय ठावं तिला हळद लावलीय? तुला ठावं होतं ना?"

रेघ कातडीची. नवरीच्या तोंडावर हळदीचा थर, कातडी दिसतच नव्हती.

"मावशी, धा मिनटं बसा," मी म्हणलं. म्हणलं खरं, पण करायचं काय ते सुचत नव्हतं. आधीचं सगळं काढून टाकलं. फ्रेम मागंपुढं केली. नवरीला खेटून तिचे आजोबा बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी. ती पण हिरवट. मी टोपीभोवती चौकोन केला, स्कोपवर तेवढीच घेतली आणि तिचे ठिपके मधोमध येईस्तोवर हिरवा कमी करत गेले. नवरीच्या तोंडाकडं बघितलंच नाय, भ्या वाटत होतं. मग चौकोन पुसला. तोंडाचे ठिपके रेघ सोडून पिवळ्याकडं जाऊन बसलेले, हळद परत दिसली.

"ही माझी पोर," आई म्हणाली. "आता धुतली ती म्हाताऱ्याची टोपी."

मी पिशवी उचलली तवा दादा म्हणाले, "उद्या नेरळचं लग्न घ्यायचंय, लवकर ये."

आता कुठलाबी व्हिडिओ आला की मी पयली टोपी शोधते, मग नवरीकडं बघते.