बोटीच्या काठाची भोकं

मंडळी, आजचा राग अजून उतरलेला नाही.

धरणावरच्या जुन्या मोटारबोटीच्या काठाची रबरी पट्टी बदलत होतो. जुनी पट्टी काढली, तर मागची स्क्रूची भोकं करंगळी जाईल एवढी झालेली. एकेक भोक भरत होतो, तेवढ्यात मालक आला.

"काऊन टाइम लावून राह्यला बे? ठोक पट्टी, फेरीसाठी लोकं रांगेत थांबले!"

"भाऊ, भोकातून पाणी शिरंन."

"पाणी खाली असते, काठाले काय होते? लयच भित्रा हायेस तू!"

बारा माणसं बसली की काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर उरतो, हे त्याला माहीत आहे. म्हणूनच तो स्वतः कधी बसत नाही.

इंजिनची चावी घेऊन मी सरळ घरी आलोय. त्याचे फोन येतच आहेत. तुमची लेकरं त्या रांगेत असती, तर तुम्ही चावी दिली असती का?